नळ, नाली, गुरं, पोरं

आकाशातून खाली बघून जमिनीच्या पोटातलं ओळखणारी माणसं जगात फार थोडी आहेत. आमच्या घरात दोन आहेत. एक माझी आत्या, दुसरी मी. आत्या ते काम ऑफिसात रोज करते आणि मी दर शनिवारी दुपारी तिच्या शेजारी बसून पाकिटांवर नंबर चिकटवते, एवढाच काय तो फरक. नजर म्हणाल तर माझीच जास्त तीक्ष्ण, असं मी म्हणणार नाही. म्हणत होते. गेल्या सोमवारी सकाळी साडेअकरापर्यंत म्हणत होते.

आधीच सांगते, मी पूर्वी अशी नव्हते. सातवीपर्यंत मी इतकी लाजाळू होते की हजेरीला माझ्या वतीने सुसाट नावाची माझी मैत्रीण "हजर" म्हणायची. मग आठवीत वक्तृत्व स्पर्धेत चुकून माझं नाव पुकारलं गेलं, मी चुकून उभी राहिले, चुकून बोलले, आणि बक्षीस मात्र हक्काने मिळालं. तेव्हापासून मला गप्प करणं घरात कुणाला जमलेलं नाही. शिवाय मी खेळाडूही आहे. पहिलीत असताना पोत्यांच्या शर्यतीत माझा पहिला नंबर आला होता. मला स्वतःला काही आठवत नाही, पण आईने सांगितलंय. प्रमाणपत्र तेवढं सापडत नाही. आई आठ वर्षं शोधतेय.

तर आत्या. ती जुन्या वास्तूंच्या खात्यात आहे. विमानातून काढलेले फोटो लांबलचक टेबलावर पसरायचे, त्यांच्यावर चार पायांचा, दोन भिंगांचा एक चष्मा उभा करायचा आणि त्यात डोळे खुपसून बसायचं, हे तिचं काम. त्यातून तिला हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या गाडीवाटा आणि शेतांचे बांध दिसतात. कसे? सोपं आहे. जमिनीखाली एखादा जुना चर बुजलेला असला की तिथली माती ओल धरते आणि वरचं गवत हिरवं राहतं. बांधाचा दगडी पाया पुरलेला असला की मुळांना खाली जायला वाव नसतो आणि गवत लवकर पिवळं पडतं. जमिनीवर उभं राहून यातलं काही कळत नाही. सतरंजीवरून चालणाऱ्या मुंगीला सतरंजीची नक्षी कुठे दिसते? वरून मात्र सगळं स्पष्ट. त्यातून पावसाने ओढ दिली तर विचारूच नका. कोरड्या वर्षी जमीन पक्की चहाडखोर होते, पोटातलं सगळं सांगून मोकळी होते.

यंदा पावसाने ओढ दिली होती.

आत्याच्या टेबलासमोरच्या भिंतीवर तिच्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला आहे:

नळ, नाली, गुरं, पोरं,
ही नसली तर म्हणा खरं.

म्हणजे काय, तर फोटोत रेघ दिसली की लगेच इतिहास सापडला म्हणून नाचायचं नाही. आधी तिथे पाण्याचा नळ पुरलाय का ते बघायचं. मग सांडपाण्याची नाली. मग गुरांची जायची-यायची वाट. मग पोरांचे खेळ. या चौघांना हाकलून दिल्यावर जी उरेल ती रेघ खरी. हा कागद का लावला, तेही आत्यानेच सांगितलं. नोकरीत नवीन असताना तिने एक प्राचीन वर्तुळ शोधलं होतं. अगदी कंपासने काढल्यासारखं. साहेबांना घेऊन जागेवर गेली, तर वर्तुळाच्या मध्यभागी एक खुंटी आणि खुंटीला बांधलेली बकरी. दोरी पुरेल तेवढं चरून तिने ते वर्तुळ तयार केलं होतं. वर आत्याच्या हातातला फोटोही खाल्ला.

"साहेब काही बोलले का गं?" मी विचारलं होतं.

"बोलायचे काय? बकरीला नमस्कार करून परत फिरले."

मी त्यावर खूप हसले होते. हे लक्षात ठेवा.

पुढे काय झालं, तर त्या शनिवारी आत्या आठवड्याभराच्या दौऱ्यावर निघाली होती. तिची बॅग दारात होती, मी पाकिटांवर नंबर चिकटवत होते, आणि एका पाकिटातून आमची शाळा बाहेर पडली. मी फोटो भिंगांखाली सरकवला. इमारत, फाटक, कोपऱ्यातलं मोठं झाड आणि वाळून पिवळंजर्द झालेलं मैदान. आणि त्या पिवळ्यावर हिरवी रेघ!

रेघ म्हणजे ठिपक्यांची रेघ. मैदानाच्या एका टोकापासून निघाली होती, सारख्या अंतरावर ठिपका, ठिपका, ठिपका. मध्यावर एक मोठा हिरवा डाग. तिथून रेघ एकदम काटकोनात वळून, वाकडीतिकडी होत, कोपऱ्यातल्या झाडाजवळ आणखी मोठ्या हिरव्या डागात संपत होती. त्याखेरीज मैदानाच्या दोन्ही टोकांना अगदी पुसट अशी दोन चौकोनी शेतंही होती. समोरासमोर. सारख्या मापाची.

मी हाक मारायला वळले. आत्या तोवर निघून गेली होती. मी फोटोचा फोटो काढला आणि तशीच धावत सुसाटच्या घरी गेले. सुसाटला सुसाट का म्हणतात ते वेगळं सांगायला नको. आमच्या शाळेतच काय, आसपासच्या सात शाळांत तिच्यापुढे धावणारं कुणी नाही.

"हे बघ," मी धापा टाकत म्हटलं, "दोन भाऊ. वडील वारले. शेतीची वाटणी झाली. एकाने इकडचं शेत घेतलं, दुसऱ्याने तिकडचं. एकमेकांचं तोंड बघायला नको म्हणून मैदानाच्या दोन टोकांना जाऊन राहिले."

सुसाटने फोटो जवळ धरला, लांब धरला.

"हे पेनल्टी बॉक्स आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"फुटबॉलचे. भावाभावात गोलकीपर उभा राहतो बघ."

दोन भाऊ मी तिथल्या तिथे सोडून दिले. संशोधकाने हट्टी असू नये. पण वाट सोडायला मी तयार नव्हते. आत्याला फोन लावला, तर ती कुठल्यातरी डोंगरावर, आवाज तुटक तुटक.

"आत्या, आमच्या मैदानात एक प्राचीन वाट आहे."

"नळ बघितलास?"

"बघते."

"नाली, गुरं, पोरं?"

"बघते म्हटलं ना."

"बघ. आणि घारू, मी येईपर्यंत कुणाला सांगू नकोस."

आत्या मला घारू म्हणते. घारीसारखी वरून बघते म्हणून.

सोमवारी शाळा भरायच्या आधी मी माळीकाकांना गाठलं. ते मैदानाच्या कडेला बादल्या घेऊन उभे होते.

"काका, मैदानाखालून नळ गेलाय?"

"नळ असता तर या वयात बादल्या वाहिल्या असत्या का मी?"

"सांडपाण्याची नाली?"

"ती मागच्या अंगाला. वास येतो तिकडे."

"गुरं येतात चरायला?"

"गुरं? या फाटकातून मी कोंबडी आत येऊ देत नाही."

मी वहीत तीन बरोबरच्या खुणा केल्या.

"अजून काही विचारायचंय, बाळ?" काकांनी बादली उचलत विचारलं.

आता तुम्हीच सांगा, शाळेच्या मैदानात पोरं येतात का, हे कुणी शाळेच्या माळ्याला विचारतं का? मला वेड्यात काढलं असतं त्यांनी. मी म्हटलं, "नाही काका, एवढंच."

आणि आत्याची आज्ञाही मी तंतोतंत पाळली. कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नाही. फक्त लिहिलं. जिन्याजवळच्या फलकावर, सहा रंगांच्या खडूंनी: "आपल्या पायांखालचा प्राचीन मार्ग!" खाली नकाशा. ठिपके म्हणजे मार्गाकडेच्या खांबांचे खड्डे. मधला डाग म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाची जागा. झाडाजवळचा डाग म्हणजे धार्मिक स्थळ. ज्या गोष्टीचा उपयोग कळत नाही ती धार्मिक, हे मी आत्याच्या ऑफिसातल्या जाड पुस्तकांतून शिकले होते.

पहिल्या तासाची घंटा व्हायच्या आत मोठ्या बाईंचं बोलावणं आलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. तीस वर्षं इतिहास शिकवतायत. त्या खुर्चीतून उठून उभ्या होत्या. मला वाटलं, आता ओरडा बसणार.

"किती जुना?" त्यांनी हळूच विचारलं.

"निदान दोन हजार वर्षं, बाई."

निदान म्हटलं की आकडा आपोआप खरा वाटतो. प्रयोग करून बघा.

"तीस वर्षं मी मुलांना लांबलांबचा इतिहास सांगतेय," बाई म्हणाल्या. "दर वर्षी शेवटच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, बाई, आपल्याकडे काहीच घडलं नाही का? आणि आज..." त्यांनी खिडकीतून मैदानाकडे असं बघितलं, जसं कुणी हरवलेलं लेकरू फाटकात उभं दिसल्यावर बघावं.

तिथून पुढे गोष्टी माझ्या हातात राहिल्या नाहीत. खरं सांगायचं तर मी त्या हातात धरायचा प्रयत्नही केला नाही. मधल्या सुट्टीपर्यंत रेघेभोवती दोरी बांधली गेली. गाठी मी स्वतः मारल्या, सतरा. दुपारच्या सभेत बाईंनी मार्ग तीन हजार वर्षांचा केला. शाळा सुटताना फाटकावरचे पहारेकरी पालकांना पाच हजार सांगत होते. मंगळवारपासून मैदानात पाऊल टाकायला बंदी. बुधवारी खेळाचा तास व्हरांड्यात झाला आणि जागच्या जागी धावताना दोन मुलं एकमेकांवर आदळून तिसऱ्याच्या डब्यात पडली. फुटबॉलचा संघ वाचनालयात कागदाच्या बोळ्याने सराव करायला लागला, तोही कुजबुजत.

आणि खेळाच्या सरांचं डोकं फिरलं.

खेळाच्या सरांना आम्ही शिट्टीसर म्हणतो. शिट्टी त्यांच्या तोंडात कायम असते आणि रागावले की शब्दांच्या आधी ती बोलते. मोठ्या बाईंच्या खोलीतून बुधवारी अशी शिट्टी ऐकू आली की अर्धी शाळा कवायतीला उभी राहिली.

"बाई, अकरा वर्षं मी अर्ज करतोय. अकरा! या पोरांना धावायला एक धड ट्रॅक द्या म्हणून. ही जमीन बघितलीत? मागच्या वर्षी सुसाटचा पाय मुरगळला. सोमवारी यंत्र येतंय मैदान सपाट करायला. आणि आता तुम्ही म्हणता, थांबा?"

"सर, मार्ग प्राचीन आहे."

"मीही मार्गच मागतोय ना, बाई. धावायचा."

"मी खात्याला कळवलंय. सोमवारी त्या मुलीची आत्या येऊन तपासणी करणार आहे. तिने प्राचीन म्हटलं तर यंत्र परत जाईल."

"परत गेलं तर वर्षभर येणार नाही. यंत्रवाल्याने सांगितलंय, बारा वाजेपर्यंत वाट बघेन, मग दुसरीकडचं काम धरेन."

मी खिडकीखाली उभी राहून हे ऐकत होते. (वाकले होते खरी. पण उभीच म्हणायचं.) वळले तर मागे सुसाट.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

"अगं, एक वर्षाचाच प्रश्न आहे."

"पुढच्या वर्षी मी दहावीत. मग शाळा संपली. ट्रॅकवर धावायचं ते आत्ता, नाहीतर नाहीच."

"पण इतिहास..."

"तुझे ते लोक दोन हजार वर्षं थांबलेत ना? त्यांना थांबायची सवय आहे. मला नाही."

दुसऱ्या दिवशी ती बाक बदलून खिडकीपाशी जाऊन बसली. हजेरीच्या वेळी मी तिच्याकडे बघितलं. ती बाहेर बघत होती. मला वाईट वाटलं का? अजिबात वाटून घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि ते ठरवण्यात गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार गेले. रविवारी भाषण पाठ करायला बसले तर पहिल्या वाक्यालाच अडखळले. "या मार्गावरून कोण चाललं असेल?" असं ते वाक्य होतं, आणि दर वेळी मला त्या मार्गावरून सुसाट लंगडत जाताना दिसत होती.

सोमवार उजाडला. मैदानावर खुर्च्या, माइक, फुलं. पालक आलेले. फाटकाबाहेर ते पिवळं यंत्र घरघरत उभं, जणू हत्तीला पडसं झालंय. शेजारी शिट्टीसर, घड्याळाकडे बघत. पहिल्या रांगेत मोठ्या बाई, ठेवणीतली साडी नेसून. आणि माझी आई?

आई दोरी ओलांडून, खुर्ची घेऊन, झाडाखाली ऐन हिरव्या डागावर जाऊन बसली होती.

मोठ्या बाई धावत गेल्या. "अहो, उठा उठा. तुम्ही धार्मिक स्थळावर बसलायत."

"मी?" आईने खुर्चीखाली बघितलं. "मी तर दर वेळी इथेच बसते. सावली असते ना."

आईला उठवून रांगेत आणेपर्यंत आत्या आली. दौऱ्यावरून थेट, पाठीला पिशवी, हातात खुरपं. मला वाटलं होतं, आधी माझं भाषण, मग तपासणी, मग टाळ्या. आत्याने मैदानावर आणून ठेवलेला फलक बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"सांगू नकोस म्हटलं होतं मी."

"सांगितलं नाही. लिहिलं."

"हो का. नळ?"

"नाही."

"नाली?"

"मागच्या अंगाला."

"गुरं?"

"कोंबडीसुद्धा नाही."

ती आणखी काही विचारणार होती, पण मोठ्या बाईंनी तिच्या हातात फूल दिलं. फूल कानामागे खोचून आत्या दोरीच्या आत शिरली. दोनशे जण पुढे वाकले. तिने टेप काढली आणि ठिपक्यापासून ठिपका मोजायला सुरुवात केली.

"दीड फूट. दीड फूट. सव्वा. दीड." ती थांबली. "खांब इतके जवळ जवळ कुणी पुरतं का गं?"

"कुंपण असेल," मी माइकवरून म्हटलं.

"वाटेच्या मधोमध?"

मी माइक खाली केला.

आत्या मधल्या डागापाशी, म्हणजे मुक्कामाच्या जागी, गुडघ्यांवर बसली. खुरप्याने माती उकरली. मग एक पान तोडून बोटांत फिरवलं. "हे गवत नाहीये," ती म्हणाली. "तीन तीन पानं आहेत. माळीदादा, जरा येता?"

माळीकाका बादली खाली ठेवून आले. पान बघितलं, वास घेतला.

"लसूणघास," ते म्हणाले. "गाईचा चारा. एकदा रुजली की मुळं विहिरीइतकी खोल जातात. बाकीचं सगळं वाळलं तरी ही हिरवी."

"तुम्ही लावलीत?"

"मी कशाला लावू मैदानात? इथेतिथे उगवते हे माहीत होतं मला. रेघेत उगवते हे वरून बघितल्याशिवाय कसं कळणार?" काका डोकं खाजवायला लागले. "बी मात्र माझंच असणार. तेव्हा आमच्याकडे गाय होती. तिच्यासाठी पोतंभर बी आणलं होतं. पेरून तळाशी थोडं उरलं होतं, आणि तेवढ्यात सरांनी पोतं नेलं."

"मी?" शिट्टीसर यंत्र सोडून आत आले. "मी कधी तुमचं पोतं नेलं?"

"नेलंत की. खेळांच्या दिवशी. पहिलीच्या पोरांची पोत्यांची शर्यत होती, एक पोतं कमी पडत होतं. मी मागून ओरडत होतो, अहो सर, तळाला भोक आहे. तुम्ही शिट्टी वाजवत होता."

शिट्टीसरांच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. शाळेच्या इतिहासात प्रथमच.

"आठवलं," ते म्हणाले. "आठ वर्षं झाली. सगळी पोरं सरळ उड्या मारत गेली. एक पोरगी..." त्यांनी सुरुवातीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं आणि ते बोट हळूहळू रेघेवरून सरकायला लागलं. "एक उडी, की भसकन थोडं बी. एक उडी, की थोडं बी. इथे मध्यावर पडली. पडली ती उठेचना. पाच मिनिटं भोकाड पसरून बसली होती. मी शिट्ट्या मारतोय, पुढे जा, पुढे जा. मग उठली आणि शर्यत सोडून वळली..."

बोट वळलं. वाकडंतिकडं होत झाडापर्यंत गेलं. झाडाखालच्या धार्मिक स्थळावर थांबलं. सगळ्यांच्या माना बोटाबरोबर वळल्या होत्या.

आणि मला, वाचकहो, काहीही कळलं नव्हतं. घारीची नजर! मी उलट मनात म्हणत होते, कोण बावळट पोरगी असेल ही?

"नळ, नाली, गुरं," आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "आणि पोरं. अगं घारू, पोरं विचारलीस का?"

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला. आईला माइक कधीच लागत नाही.

"इश्श, वन्सं, तिला काय विचारायचं? ती हीच की!"

झाडाकडे वळलेल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. फाटकाबाहेर यंत्राची घरघर.

"माझ्याकडेच आली होती उड्या मारत," आई कौतुकाने सगळ्यांना सांगायला लागली. "त्या तिथे मी बसले होते. आली, मांडीवर चढली, नाक माझ्या पदराला पुसलं. मग मी ते पोतं उलटं करून झटकलं. म्हटलं, यात एवढं टोचतंय काय पोरीला?"

धार्मिक स्थळाचा खुलासा झाला.

खरं तर मी तिथेच जमिनीच्या पोटात जायला हवं होतं, पुढच्या संशोधकांची सोय म्हणून. पण माझ्या डोक्यात भलतीच गोष्ट अडकली होती, आणि ती माइकसमोरच तोंडातून निघाली. "पण आई, त्या शर्यतीत माझा पहिला नंबर आला होता ना?"

"आलाच होता की," आई म्हणाली. "माझ्यापाशी सगळ्यात आधी तूच आलीस. दुसरं कुणी आलंच नाही."

पहिलं हसू वर्गात खिडकीपाशी बसणाऱ्यांच्या रांगेतून आलं. मला ते ओळखीचं होतं. मग दोनशे जण हसले. माळीकाका बादलीला धरून हसले. यंत्रवाल्यानेही हॉर्न वाजवला. मोठ्या बाई मात्र हसत नव्हत्या. त्या रेघेकडे बघत एकट्याच उभ्या होत्या, ठेवणीतल्या साडीत. मला ते बघवेना. मी माइक तसाच हातात घेऊन त्यांच्याजवळ गेले.

"बाई, चुकलं माझं. तीन गोष्टी विचारल्या, चौथी विचारली नाही. इतिहास नाहीये हा."

बाईंनी चष्मा पुसला, घातला, आणि हिशेब तपासावा तशी ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"कोण म्हणतं नाहीये?" त्या म्हणाल्या. "साल ठाऊक आहे. कारण ठाऊक आहे. तीन साक्षीदार जिवंत आहेत आणि पुरावा अजून हिरवा आहे. एवढा पक्का इतिहास मी तीस वर्षांत एकदाही शिकवला नाही." मग त्यांनी ओठ दाबून धरले, पण हसू नाकातून निसटलंच. "सर, यंत्र आत घ्या."

बाराला वीस मिनिटं कमी होती. यंत्र आत यायचं तर दोरी सोडायला हवी, आणि दोरीला माझ्या सतरा गाठी. मी पहिल्या गाठीशीच झटत होते, तर शेजारी कुणीतरी फतकल मारून बसलं.

"नखांनी काय उपटतेयस? सरक," सुसाट म्हणाली आणि गाठीला दात लावले. दोरी तोंडात धरूनच पुढे म्हणाली, "दोन हजार वर्षं, म्हणे. तुझे तर तेव्हा दुधाचे दातही पडले नव्हते."

"रागावलीस अजून?"

"सोळा गाठी राहिल्यात. त्या सुटेपर्यंत रागावते, मग बघू."

दोघींनी मिळून बारा सोडवल्या. उरलेल्या शिट्टीसरांनी कात्रीने कापल्या, शिट्टी वाजवत.

ट्रॅक आता होतोय. सपाट, लालसर, दोन्ही टोकांना गोल. ठिपके यंत्राखाली गेले. झाडाजवळचा डाग ट्रॅकच्या बाहेर पडला म्हणून राहिला. सुसाट रोज संध्याकाळी धावून आली की तिथे पाय पसरून बसते. धार्मिक स्थळी, असं म्हणते. मंगळवारी ती आपल्या बाकावर परत आली आणि हजेरीला माझं नाव आलं तेव्हा माझ्याआधी तीच ओरडली, "हजर, पोत्यासकट!"

आत्याच्या खात्याचा एक नियम आहे. तपासणी केली की नोंद करावीच लागते, मग काही निघो न निघो. काल ती नोंदीची एक प्रत घेऊन घरी आली. छापील फॉर्म, खाली सही, त्यावर गोल शिक्का.

मार्गाचा काळ: आठ वर्षांपूर्वी, खेळांच्या दिवशी.
मार्ग वापरणाऱ्यांची संख्या: एक.
मधली हिरवी जागा: पडणे व रडणे.
शेवटची हिरवी जागा: आई.
शेरा: धार्मिक स्थळ म्हणण्यास हरकत नाही. सदर मुलगी येथे सर्वांत आधी पोहोचल्याचे तपासणीत आढळले.

मी म्हटलं, फाडून टाक तो कागद. आईने तो माझ्या हाताला लागूच दिला नाही. कपाटातून माझी बक्षिसांची फाइल काढली. तिच्यात पहिल्या पानाचं प्लास्टिक आठ वर्षं रिकामं आहे. आईने फॉर्म त्यात नीट सरकवला, कोपरे सरळ केले आणि शिक्क्यावरून एकदा बोट फिरवलं.

"सापडलं बाई एकदाचं प्रमाणपत्र," ती म्हणाली.